मनाचे शास्त्र आणि खिडकी क्रमांक ४

मानसशास्त्राची पदवी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून नव्या शैक्षणिक धोरणानंतर ऑनर्ससाठी त्याला चौथे वर्ष जोडले गेले आहे. ही मुदत माहितीपुस्तिकेतली आहे. माहितीपुस्तिका ज्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेली असते त्याचे आईवडील धडधाकट असतात, त्याच्या मणक्यांना आपापली जागा माहीत असते, त्याला नोकरी नसते, मूल नसते, आणि लग्नसराईत त्याच्या घरी कोणी पत्रिका ठेवून जात नाही. असा विद्यार्थी महाराष्ट्रात अजून आढळलेला नाही. बाकीच्यांना ही पदवी पुरी करायला जो काळ लागतो तो वर्षांत न मोजता अडचणींत मोजणे सोयीचे पडते. ‘तिची पदवी पाच अडचणींत झाली’ असे म्हटले की जाणकाराला बरोबर अंदाज येतो.

शास्त्र म्हणून या विषयाचा आरंभ १८७९ साली धरतात. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात पहिली प्रयोगशाळा थाटली. आवाज कानावर पडल्यापासून माणूस बटण दाबेपर्यंत किती वेळ जातो, अशा गोष्टी तिथे मोजल्या जात. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली स्वतंत्र विभाग काढला, पुणे विद्यापीठाने १९५० साली. या सर्व ठिकाणी उद्दीपक एका वेळी एकच देण्याची शिस्त होती. प्रौढ विद्यार्थिनी हाच विषय ज्या जागेत शिकते तिथे कुकरची तिसरी शिट्टी, दारावरची बेल, भंगारवाल्याची आरोळी आणि ‘आई, माझा दुसरा मोजा कुठाय?’ ही चार उद्दीपके एकाच क्षणी येतात. प्रतिक्रिया येते, पण ती जर्नलमध्ये लिहिता येत नाही.

हा विषय निवडण्याची कारणे ठरलेली आहेत. काहींना लहानपणापासून ‘तुझ्याशी बोललं की बरं वाटतं’ असे सांगितले गेलेले असते. त्यातून आपल्याला फुकट करावे लागणारे काम निदान पदवी घेऊन करावे असा विचार पुढे येतो. काहींना सासरची माणसे समजून घ्यायची असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत सासरची माणसे त्यांना पुरती समजून चुकलेली असतात. आणि काही जणांना स्वतःच्याच मनाने बरेच छळलेले असते, तेव्हा एकदा त्याचा सोक्षमोक्ष लावू या हेतूने ते येतात. या शेवटच्या वर्गाची संख्या बरीच मोठी असून तो मुलाखतीत मात्र ‘समाजसेवेची आवड’ असे सांगतो.

प्रवेशाची पहिली पायरी म्हणजे गॅप. बारावी आणि प्रवेश यांच्यामधली वर्षे कुठे गेली याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्या वर्षांत विद्यार्थिनीने दोन बाळंतपणे, तीन घरबदल, सासऱ्यांचा पक्षाघात आणि धाकट्या दिराचे लग्न निभावलेले असते. प्रतिज्ञापत्रात एवढेच यावे लागते की, या काळात मी अन्यत्र कुठेही प्रवेश घेतला नव्हता आणि कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता. कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेला टंकलेखक मान वर न करता विचारतो, ‘मधल्या काळात काय करत होता मॅडम?’

‘घर सांभाळत होते.’

‘मग काहीच नाही, असं टाकतो.’

सरकारी दृष्टी याहून उदार आहे. २०२१ पासून विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवणारी एक पेढीच निघाली असून ते सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुन्हा आत येता येते. अशी सोय घरातून नाही. घरी बसून हा विषय शिकण्याचा मार्ग अनेक वर्षे खुला होता, पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले, कारण आरोग्यसेवेच्या व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत हा विषय येतो. कारण रास्त आहे. मात्र त्यामुळे मनाच्या अभ्यासाला आता शरीरही वर्गात न्यावे लागते, आणि तेही ७५ टक्के.

पहिल्या वर्षी सिद्धांत असतात. ते समजायला अवघड नाहीत. अवघड असते ते त्यांच्या तावडीतून सुटणे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते अर्थहीन अक्षरसंच पाठ करत आणि किती उरले ते मोजत. तासाभरात निम्म्याहून अधिक उडून जाते, असे त्यांना आढळले. प्रयोग करणारेही तेच आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तेही तेच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. त्यांना अर्थहीन मजकूर मुद्दाम रचावा लागला. प्रौढ विद्यार्थिनीला रात्री साडेअकरानंतर पाठ्यपुस्तकाचे कोणतेही पान त्या कामी येते.

पुढे जॉर्ज मिलर येतात. तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात, दोन इकडे दोन तिकडे, असे त्यांनी १९५६ साली मांडले. दूधवाल्याचा हिशेब, मुलाच्या सहलीचे पैसे, सासऱ्यांची बीपीची गोळी, गॅसचे बुकिंग, तुंबलेली मोरी, शनिवारी येणारी नणंद आणि संपत आलेली कणीक. सात झाल्या. मिलर आठवे. परीक्षेत त्यांच्यावरचा प्रश्न नेमका सक्तीचा असतो. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली दाखवले होते की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट सुटलेली कामे माणसाच्या अधिक लक्षात राहतात. हे खरे धरले तर प्रौढ विद्यार्थिनीची स्मरणशक्ती देशात पहिली यायला हवी.

अपसामान्य मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका आली की वर्गात साथ पसरते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीवर हा भाग बेतलेला असतो, आणि तीतला प्रत्येक विकार विद्यार्थ्याला ओळखीचा वाटतो. सोमवारी चिंताविकार शिकवला की मंगळवारी अर्ध्या वर्गाला तो असतो. गुरुवारी भावनातिरेकी व्यक्तिमत्त्व शिकवले की ते जावेला जडते. आत्मप्रेमी व्यक्तिमत्त्वाचे तास संपेपर्यंत घरातले एकही पुरुष माणूस निरोगी उरत नाही. अनुभवी प्राध्यापिका हा आठवडा शांतपणे काढतात.

‘मॅडम, मला यातली सगळीच लक्षणं आहेत.’

‘झोप किती घेता?’

‘चार तास.’

‘आधी आठवडाभर झोपा. त्यातून जी उरतील ती घेऊन या.’

खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. रसायनशास्त्राला आम्ल लागते, वनस्पतिशास्त्राला पान लागते. मानसशास्त्राला माणूस लागतो. त्याला प्रयुक्त म्हणतात, वर्गात ‘सब्जेक्ट’ म्हणतात. प्रत्येक प्रयोगाला नवा प्रयुक्त हवा, तो शांत बसायला हवा, त्याने मधेच फोन घेऊ नये आणि त्याने आपखुशीने संमती द्यावी, अशा अटी आहेत. पहिल्या दोन प्रयोगांना सख्ख्या मैत्रिणी येतात. तिसऱ्यापासून इमारतीत बातमी पसरते. हातात स्टॉपवॉच घेऊन विद्यार्थिनी जिन्यात दिसली की दारे आतून लागतात, आणि एरवी तासभर बोलणाऱ्या शेजारणीला दूध उतू गेल्याचे एकाएकी आठवते.

शेवटी प्रयोग घरच्यांवर येतो. आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवण्याचा प्रयोग सर्व महाविद्यालयांत लोकप्रिय आहे. हात पडद्याआड असतो, दिसते ते फक्त आरशात, त्यामुळे पेन्सिल उलटीकडे पळते. उजव्या हाताने केलेल्या सरावाचा फायदा डाव्या हाताला मिळतो का, हे त्यातून तपासतात. ‘ही तुमच्या बुद्धिमत्तेची परीक्षा नाही’ असे प्रयुक्ताला आधी वाचून दाखवायचे असते. मानसशास्त्राच्या इतिहासात या वाक्यावर अजून कोणी विश्वास ठेवलेला नाही.

‘अगं, समोर सरळ दिसत असताना आरशात बघून कशाला काढायची?’ सासूबाई विचारतात.

‘आई, प्रयोगच तसा आहे.’

‘आणि डाव्या हातानं?’

‘तो दुसरा भाग आहे.’

‘तुमच्या सरांना सांग, घरात कामं असतात म्हणावं.’

यानंतर सासूबाई सुनेपेक्षा कमी चुका करतात. प्रयुक्ताची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन प्रयोगकर्त्यावर असते, प्रयुक्तावर नसते. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती भजनी मंडळात पोहोचते. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या पाचसहा जणी आपणहून दारात उभ्या राहतात. नेमका तो प्रयोग तोवर पुरा झालेला असतो.

नवरे या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत. फ्रान्झ म्यूलर-लायर यांनी १८८९ साली मांडलेल्या भ्रमात दोन सारख्या रेषा बाणांच्या टोकांमुळे लहानमोठ्या भासतात. फळी पुढे सरकवण्याआधीच नवरा म्हणतो, ‘सारख्याच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.’ माहिती बाद. शब्दसाहचर्याच्या चाचणीत शब्द ऐकताच पहिला सुचेल तो शब्द सांगायचा असतो. ‘घर’ म्हटल्यावर ‘हप्ता’. ‘समुद्र’ म्हटल्यावर ‘पार्किंग’. ‘सुट्टी’ म्हटल्यावर ‘संपली’. ‘बायको’ म्हटल्यावर घड्याळ चालूच राहते. दीर्घ प्रतिक्रियाकाळ हे मनातल्या गुंत्याचे लक्षण मानावे, असे कार्ल युंग यांच्या परंपरेत सांगितलेले आहे. ते नवऱ्याने वाचलेले नसते, हे घराच्या दृष्टीने बरे.

या संदर्भात स्टॅनली मिलग्रॅम यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा उल्लेख करायला हवा. येल विद्यापीठात त्यांनी चाळीस पुरुषांना, दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देण्यास सांगितले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हते. आणि केवळ कोटातला प्रयोगकर्ता ‘कृपया पुढे चालू ठेवा’ म्हणतो म्हणून त्यांतले सव्वीस जण थेट ४५० व्होल्टपर्यंत गेले. माणूस अधिकारापुढे किती मान तुकवतो, याचा हा पुरावा जगभर शिकवला जातो. तो प्रयोग मराठी एकत्र कुटुंबात घेतला गेला असता तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. इथे प्रयोगकर्तीने ‘कृपया पुढे चालू ठेवा’ म्हटल्याबरोबर प्रयुक्त भाजी निवडायला उठून जातो.

संख्याशास्त्राबद्दल थोडक्यात. गणित टाळायला म्हणून जे कला शाखेत आलेले असतात त्यांना गणित दुसऱ्या वर्षी इथे गाठते. सरासरीपर्यंत वातावरण खेळीमेळीचे असते. प्रमाण विचलनापाशी पहिले रडू फुटते. शिकवणीला घरातला बारावीचा मुलगा बसतो, आणि पंधरा वर्षे जे वाक्य त्याने ऐकले ते व्याजासकट परत करतो: ‘आई, तुझं बेसिकच कच्चं आहे.’ एवढ्या वर्षांच्या संगोपनाचा परिणाम इतक्या नेमकेपणाने दाखवणारी चाचणी अद्याप निघालेली नाही.

आता अडचणी. त्यांचा परीक्षेच्या वेळापत्रकाशी दाट सहसंबंध आहे. वेळापत्रक फलकावर लागताच गावाकडे कोणीतरी घसरून पडते, माकडहाडाला मार बसतो, आणि दवाखान्यात बसायला मोकळे कोण, तर जी नुसती शिकते ती. यर्कस आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले की थोड्या ताणाने शिकणे सुधारते आणि फार ताणाने बिघडते. मधे कुठेतरी एक उत्तम बिंदू असतो. विद्यार्थिनी त्या बिंदूवरून रोज जाते, पण रिक्षात असते, आणि डबा पोचवायचा असतो.

काही अडचणी मात्र जागेवरून हलत नाहीत. नैराश्याचे प्रकरण वाचणाऱ्याला नैराश्यच असेल तर पुस्तक उघडणे हेच आठवड्याचे काम होऊन बसते. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, काहीही केले तरी झटका चुकत नाही हे ज्यांच्या अंगवळणी पडले होते ते कुत्रे पुढे सुटकेचा मार्ग समोर असूनही पडून राहिले. ही शिकलेली असहायता परीक्षेत दहा गुणांना असते. ती अंगी असलेला विद्यार्थी टीप लिहितो, पण ‘स्वानुभवातून उदाहरण द्या’ अशी सूचना नसल्यामुळे एक पान वाचते.

अशा वेळी विद्यापीठ पाठीशी उभे राहते. कुठे उभे आहे ते आधी शोधावे लागते. समुपदेशन कक्ष ही संस्था बहुतेक आवारांत असते. ती जिन्याखाली किंवा जिमखान्याच्या मागे असते. दारावर ‘मन मोकळे करा’ आणि त्याखाली ‘मंगळवार, ३ ते ४’ असे लिहिलेले असते. मन साधारणपणे गुरुवारी भरून येते. किल्ली मामांकडे असते. मामा म्हणजे विभागाचे शिपाई. ते गेली कित्येक वर्षे हंगामी आहेत आणि त्यांना सोडून सगळे प्राध्यापक बदललेले आहेत.

‘काय झालं ताई?’ मामा विचारतात.

विद्यार्थिनी सांगत सुटते. मामा मधे बोलत नाहीत, कारण ते जुडग्यातली किल्ली शोधत असतात. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशकाने उपदेश न करता, न्याय न देता, समोरच्याला आहे तसा स्वीकारून ऐकावे असे म्हटले आहे. मामा पंधरा मिनिटे असेच ऐकतात. मग म्हणतात, ‘ही किल्ली जिमखान्याचीच निघाली. चहा घ्या. आणि खिडकी चारवर जा, मामांनी पाठवलंय म्हणा.’

मंगळवारी समुपदेशक बाई भेटतात तेव्हा त्या खरोखर चांगल्या निघतात. त्यांच्याकडे हजारो विद्यार्थी, एक टेबल आणि टिश्यू पेपरची एक पेटी असते. तरी त्या नाव लक्षात ठेवतात, डॉक्टरांकडे जायला सांगतात, आणि रात्री-बेरात्रीसाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतात. ही सेवा २०२२ पासून देशभर आहे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्या आणखी एक ओळ लिहितात: ‘खिडकी क्र. ४.’

सगळे रस्ते ज्या खिडकीकडे येतात तिच्यामागे एक बाई बसलेल्या असतात. त्यांनी मानसशास्त्राचे एकही पान वाचलेले नसते. विद्यार्थ्याच्या अडचणीचे रूपांतर विद्यापीठाला कळेल अशा अडचणीत करून देणे हे त्यांचे काम.

‘उपस्थिती ७५ टक्के भरत नाही. कारण काय लिहू?’

‘वैयक्तिक अडचण.’

‘वैयक्तिक चालत नाही. वैद्यकीय चालतं, कौटुंबिक चालतं. वैयक्तिक म्हणजे काहीच नाही.’

‘झोप लागत नव्हती. उठवत नव्हतं. डॉक्टरांची गोळी चालू आहे.’

‘मग वैद्यकीय आहे की! सर्टिफिकेट आणा, दोन झेरॉक्स, एकावर ट्रू कॉपी.’

आपल्याला जे होते तो आजार आहे, हे पुष्कळांना पहिल्यांदा या खिडकीवर आणि एवढ्याच शब्दांत कळते. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार असून त्यांत मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही येतात. लिहिण्यात अडथळा असणाऱ्या पात्र परीक्षार्थींना दर तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची होते. लेखनिकही घेता येतो. लेखनिक स्वतः आणला तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे, असा दंडक २०१८ साली घालून दिला गेला. त्यामुळे फ्रॉइड यांचे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारा मुलगा फ्रॉइड लिहायला बसतो. ‘अबोध मन’ असे सांगितल्यावर तो कुजबुजत विचारतो, ‘ताई, हे असंच लिहायचं, की तुम्ही मला म्हणताय?’

विद्यापीठाशी पत्रव्यवहार हा वेगळाच विषय आहे. कलकत्त्याचे मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस १९२० च्या दशकात व्हिएन्नाला पत्रे घालत आणि फ्रॉइड यांची उत्तरे बोटीने येत. परीक्षा विभागाला केलेल्या ई-मेलच्या बाबतीत इतकी खात्री देता येत नाही. उत्तर येते ते ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे’ असे. संबंधित विभाग तोच असतो.

तरीही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी विद्यार्थ्याच्या मनासाठी जे सर्वांत मोठे काम केले ते समुपदेशन कक्षात झालेले नसून नियमावलीत झालेले आहे. त्याचे नाव एटीकेटी. एकदोन विषयांत आपटलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात जाऊ द्यायचे आणि राहिलेले विषय मागून सोडवू द्यायचे, ही कल्पना ज्या कोणी पहिल्यांदा कागदावर उतरवली त्यांना मानवी स्वभाव फार आतून माहीत असावा. माणसाचे मागचे सगळे सुटल्याशिवाय त्याला पुढे जाऊ द्यायचे नाही असे ठरवले असते, तर वर्गात काय आणि घरात काय, कोणीच पुढे गेले नसते. शिवाय तिच्यामुळे नापास हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला. ‘केटी लागली’ असे म्हणतात. नळाला पाणी आले नाही इतक्या सहजपणे म्हणतात. सासूबाईंना तर केटी हा एखादा जास्तीचा विषय वाटतो. ‘आमच्या सुनेला यंदा केटीपण आहे,’ असे त्या मंडळात सांगतात. त्याच घराण्यातले ग्रेस गुण. ते किती मिळाले हे कळते, कोणाच्या दयेने मिळाले हे कळत नाही. दान कसे करावे याचा हा उत्तम नमुना.

शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो. ‘नोकरदार स्त्रिया आणि गृहिणी यांच्यातील ताणतणावांचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय इतक्या वेळा निघाला आहे की राज्यात ज्यांच्या ताणाचे मोजमाप झालेले नाही अशा स्त्रिया आता थोड्या उरल्या असाव्यात. तीस नोकरदार, तीस गृहिणी, साठ प्रश्नावल्या. विद्यार्थिनी स्वतः सकाळी गृहिणी, दुपारी शिकवण्या घेणारी आणि रात्री विद्यार्थिनी असते, म्हणून ती कुठल्याच गटात बसत नाही. गृहिणींच्या प्रश्नावल्या ‘माझे मत कोणी विचारात घेत नाही’ या विधानापाशी अडून राहतात, कारण त्यावर काय खूण करायची हे त्या नवऱ्याला विचारून सांगणार असतात.

प्रकल्पाला उशीर होतो, यावरही संशोधन झाले आहे, आणि ते मानसशास्त्राच्याच विद्यार्थ्यांवर झाले आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पदवीचा प्रबंध किती दिवसांत होईल असे विद्यार्थ्यांना विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला. सगळे बिघडले तर किती लागतील, असेही विचारले. उत्तर आले सुमारे ४९. प्रत्यक्षात सुमारे ५६ लागले. म्हणजे वाईटात वाईट कल्पना केली तरी ती कमीच पडली. हा अभ्यास कॅनडात झाला. त्यांच्याकडे गणपती नसतात. इथे ‘गणपतीनंतर देते’, ‘दिवाळीनंतर नक्की’ आणि ‘संक्रांतीपर्यंत होईलच’ अशा तीन पातळ्यांवर अंदाज बांधला जातो. मार्गदर्शकांना ही पद्धत ठाऊक असते, कारण त्यांची पीएच.डी. याच पंचांगावर झालेली असते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. ते जर्नल चाळतात, चांदणीच्या पानावर थांबतात आणि विचारतात, ‘प्रयुक्त वय ७१, चुका फक्त नऊ. यावरून काय निष्कर्ष काढाल?’

‘सासूबाई आहेत, सर.’

परीक्षक पान उलटतात. पुढचा प्रश्न ते विचारत नाहीत.

निकाल लागतो, पदवीदान होते, आणि प्रमाणपत्र हातात पडते तेव्हा नावाची भानगड निघते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि पदवी या दोन्हींपेक्षा निराळ्या, कुठल्याशा तिसऱ्याच घराण्याच्या नावाने आलेली असते. दुरुस्तीला राजपत्रातली नावबदलाची नोंद, लग्नाचा दाखला आणि मूळ प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे पदवी मिळाल्यावर काही महिने पदवीधर स्त्रीकडे पदवी नसते. मुलाखती नेमक्या याच काळात येतात.

या पदवीवर पाटी लावता येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले पुढचे शिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. इमारतीला हे मान्य नसते. ज्या शेजारणीचे दूध स्टॉपवॉच दिसताच उतू जात असे ती आता स्वतः बेल वाजवते.

‘झालं ना तुमचं सायकॉलॉजी? मग आमच्या ह्यांना जरा समजवा. बाहेरचं खाणं सोडा म्हणून कितीदा सांगितलं, ऐकतच नाहीत.’

‘मावशी, मी आत्ता नुसती बी.ए. आहे. समुपदेशनाला पुढचं शिक्षण लागतं.’

‘असू दे गं. ते पण बी.कॉम.च आहेत.’